दाखवणे आणि पाहणे : एरिक टोपोल यांच्या ‘द पेशंट विल सी यू नाउ’ या ग्रंथातील रुग्ण-नोंदींच्या विचाराची चिकित्सा

गोषवारा

रुग्णाने घरी मोजलेल्या आणि डिजिटल साधनांवर नोंदवलेल्या माहितीच्या आधारे रोग होण्यापूर्वीच तो रोखता येईल, हा विचार गेल्या दोन दशकांत जगभर प्रभावी ठरला आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ एरिक टोपोल यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द पेशंट विल सी यू नाउ’ हा ग्रंथ या विचाराची एक ठाम आणि वाचनीय मांडणी होय. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन, त्यातील मुद्रणकलेचे उपमान आणि ‘माझे’ या शब्दावरील भर यांची चिकित्सा केली आहे. ग्रंथानंतर प्रसिद्ध झालेल्या महत्त्वाच्या चाचण्यांच्या निष्कर्षांशी आणि भारतीय रुग्णाच्या अनुभवाशी हे प्रतिपादन ताडून पाहिले आहे. नोंद कोणाच्या मालकीची, यापेक्षा ती वाचून उत्तर देण्याचे बंधन कोणावर, हा प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेचा मूळ प्रश्न आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रुग्ण-नोंदी, प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा, रक्तदाब, डिजिटल आरोग्य, रुग्ण-डॉक्टर संबंध

प्रस्तावना

मराठीत आजारी माणसाला ‘डॉक्टरांना दाखवून या’ असे सांगितले जाते. या साध्या वाक्प्रयोगात रुग्ण हा दाखवणारा आणि डॉक्टर हा पाहणारा असतो. पाहणारा नसेल तर दाखवणे अपुरे राहते, ही जाणीव भाषेनेच जपलेली आहे. इंग्रजी भाषक देशांतील दवाखान्यांत, डॉक्टर आता तुम्हाला पाहतील, असे प्रतीक्षागृहातील रुग्णाला सांगण्याची पद्धत आहे. टोपोल यांनी या वाक्यातील कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करून आपल्या ग्रंथाचे शीर्षक सिद्ध केले. आता रुग्णच डॉक्टरांना पाहील, असा त्याचा आशय आहे.

टोपोल हे कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या संशोधनसंस्थेशी संबंधित नामवंत हृदयरोगतज्ज्ञ आहेत. ‘द क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन ऑफ मेडिसिन’ (२०१२), प्रस्तुत ग्रंथ (२०१५) आणि ‘डीप मेडिसिन’ (२०१९) या तीन ग्रंथांतून त्यांनी डिजिटल वैद्यकाची कल्पना क्रमाने विकसित केली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना डिजिटल भविष्यासाठी कसे सज्ज करावे, याचा २०१९ मधील आढावाही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. त्यांचे विचार धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचलेले आहेत. म्हणूनच त्यांची चिकित्सा केवळ ग्रंथपरीक्षणापुरती मर्यादित राहत नाही. भारतातही १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झाले. नागरिकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक आणि त्याच्या संमतीने पाहता येणाऱ्या नोंदी, ही या योजनेची मध्यवर्ती कल्पना आहे. ती टोपोल यांच्या विचारविश्वाशी जवळचे नाते सांगते.

ग्रंथाचे प्रतिपादन आणि त्याचे बळ

टोपोल यांचा मूळ आक्षेप वैद्यकातील पितृसत्ताक वृत्तीवर आहे. रुग्णाच्या शरीराविषयीची माहिती रुग्णापासूनच दूर ठेवण्याची परंपरा प्राचीन काळापासून चालत आली असून, डॉक्टरांच्या अधिकाराचा पाया ही माहितीची विषमताच आहे, असे ते दाखवून देतात. स्मार्टफोन आणि त्याला जोडलेली संवेदके यांमुळे ही विषमता संपुष्टात येईल, असा त्यांचा विश्वास आहे. रक्तदाब, हृदयाचे ठोके, रक्तातील साखर, झोप, श्वास यांची नोंद रुग्ण स्वतः करील. त्या नोंदींना जनुकीय माहितीची आणि संगणकीय विश्लेषणाची जोड मिळाली की दम्याचा किंवा हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वीच इशारा मिळेल. रोगाचे भाकीत आणि त्याला आगाऊ अटकाव यांवर ग्रंथात स्वतंत्र प्रकरण असून, तेच या प्रतिपादनाचे शिखर म्हणावे लागेल.

या मांडणीचे बळ मान्य केले पाहिजे. डॉक्टरांसमोर बसल्यावर अनेकांचा रक्तदाब वाढतो, तर काहींचा तेथे नेमका सर्वसाधारण दिसतो. त्यामुळे दवाखान्यातील एका क्षणाचे मोजमाप फसवे ठरू शकते. जपानमधील इवाते प्रांतातील ओहासामा या गावात १९८०च्या दशकात सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गावकऱ्यांनी घरी स्वतः मोजलेला रक्तदाब नोंदवला गेला. दवाखान्यातील मोजमापापेक्षा घरचे मोजमाप मृत्यूच्या धोक्याचा अधिक चांगला निर्देशक आहे, हे या अभ्यासातून १९९८ मध्ये पुढे आले. रुग्णाची नोंद ही डॉक्टरांच्या नोंदीची दुय्यम प्रत नसून काही बाबतींत तिच्याहून सरस असते, हे येथे सिद्ध झाले. म्हणून रुग्णाची नोंद विश्वसनीय आहे की नाही, हा येथे वादाचा विषय नाही. विश्वसनीय नोंद झाल्यानंतर पुढे काय घडते, हा प्रश्न ग्रंथात पुरेसा विचारलेला नाही आणि प्रस्तुत चिकित्सेचा रोख तिकडे आहे.

मुद्रणकलेचे उपमान

टोपोल यांनी आपल्या युक्तिवादासाठी गुटेनबर्ग यांच्या मुद्रणयंत्राचे उपमान योजले आहे. मुद्रणाने ज्ञान जसे धर्मगुरूंच्या हातून सामान्य माणसाच्या हाती गेले, तसे स्मार्टफोनमुळे वैद्यकीय ज्ञान डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या हाती जाईल, असे ते म्हणतात. उपमान आकर्षक आहे. परंतु ते यंत्राला जे श्रेय देते, त्याला इतिहासाचा पुरेसा आधार मिळत नाही.

यासाठी मराठी मुद्रणाचाच दाखला घेता येईल. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथे रोमन लिपीत छापले गेले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मात्र निघाले ते १८३२ मध्ये मुंबईत. यंत्राचे आगमन आणि मराठीतील पहिले वृत्तपत्र यांत पावणेतीनशे वर्षांहून अधिक अंतर आहे. या काळात यंत्र अस्तित्वात होते, परंतु लिपीचे खिळे, शाळा, शालेय पुस्तके, शिक्षक आणि त्यांतून घडणारा वाचकवर्ग यांची साखळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही साखळी मुंबई इलाख्यात आकार घेऊ लागली, तेव्हा छापील अक्षराला समाजजीवनात स्थान मिळाले. छपाईने वाचनाची शक्यता निर्माण केली, हे खरे. वाचक मात्र शाळेने घडवले.

हाच न्याय आरोग्यविषयक नोंदींना लावल्यास संवेदक म्हणजे केवळ छापखाना ठरतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या आकड्यांचा वाचक कोण, त्याला कोणी घडवायचे आणि त्याच्या वेळेचे मोल कोणी द्यायचे, हे प्रश्न उपमानाच्या झगमगाटात झाकले जातात.

‘माझे’ आणि ‘घरचे’

ग्रंथाच्या मध्यभागातील प्रकरणांच्या शीर्षकांत ‘माझे’ हा शब्द सातत्याने येतो. माझ्या चाचण्या, माझ्या नोंदी, माझा खर्च अशी ती मालिका आहे. यामागे एकटा, साक्षर, निर्णयक्षम आणि स्वतःच्या नावावर उपकरण असलेला रुग्ण गृहीत धरलेला आहे. ग्रंथाच्या अखेरीस येणारी ‘मुक्त ग्राहक’ ही कल्पनाही याच गृहीतकावर उभी आहे.

मराठी कुटुंबात नोंद अशी एकट्याची असतेच असे नाही. सासऱ्यांची साखर मोजते सून, आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहितो नातू आणि दवाखान्यात तो सांगतो मुलगा. ज्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख असते, तेथेच साखरेचा आकडाही असतो. नोंद ‘माझी’ नसून ‘घरची’ असते. या व्यवस्थेचे गुणही आहेत आणि दोषही. गुण असा, की विसरभोळ्या किंवा निरक्षर वृद्धाचीही नोंद राहते. दोष असा, की घरातील ज्या व्यक्तीकडे इतरांची काळजी घेण्याचे काम असते, तिची स्वतःची नोंद बहुधा राहून जाते.

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. अशा स्थितीत फोनवर आधारलेली प्रतिबंधात्मक सेवा ज्यांच्यापर्यंत आधी पोहोचते, त्यांना तिची सर्वाधिक गरज असतेच असे नाही. विकसनशील देशांविषयीच्या प्रकरणात टोपोल स्वस्त उपकरणांचे स्वागत करतात. मात्र उपकरण घरात येणे आणि ते घरातील प्रत्येकाचे होणे यांतील अंतराकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

चाचण्यांचा कौल

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दशकात त्यातील आशा प्रत्यक्ष चाचण्यांतून पारखल्या गेल्या. येथे चार उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण वजनाचे. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी ४७१ तरुण स्थूल व्यक्तींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळत होते. सहा महिन्यांनंतर एका गटाला हालचाल मोजणारे उपकरण अंगावर बाळगण्यास दिले गेले. दोन वर्षांच्या शेवटी उपकरण वापरणाऱ्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलो घटले होते, तर उपकरणाविना असलेल्या गटाचे ५.९ किलो. मोजणे म्हणजे सुधारणे नव्हे, हा धडा यातून मिळतो.

दुसरे उदाहरण मनगटी घड्याळाचे. ‘ॲपल हार्ट स्टडी’ या नावाने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी होत्या. हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेची सूचना त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना मिळाली. सहभागींपैकी निम्म्याहून अधिक लोक चाळिशीच्या आतले होते आणि हा विकार तर प्रामुख्याने उतारवयातील आहे. घड्याळ ज्यांच्या मनगटावर होते आणि धोका ज्यांच्या हृदयाला होता, ते बव्हंशी वेगळे लोक होते. सूचना मिळालेल्या आणि ९० दिवसांनंतरच्या प्रश्नावलीला उत्तर दिलेल्या व्यक्तींपैकी ५७ टक्क्यांनीच अभ्यासाबाहेरील डॉक्टरांशी संपर्क साधला होता. उरलेल्यांच्या बाबतीत सूचना आली आणि तेथेच थांबली.

तिसरे उदाहरण डेन्मार्कमधील. ‘लूप’ या चाचणीत ७० ते ९० वयाच्या ६,००४ व्यक्तींचा अभ्यास झाला आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे नोंद रुग्ण करीत नव्हता. त्वचेखाली बसवलेले यंत्र अखंड नोंद घेत होते. म्हणजे टोपोल यांना अपेक्षित असलेली अविरत देखरेख येथे होती. ठोक्यांतील तो विकार यंत्र बसवलेल्या गटात ३१.८ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.२ टक्के लोकांत आढळला. तरीही पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्यांच्या अन्य घटनांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही. विकार तिप्पट-अडीचपट शोधला गेला, पण प्रतिबंध त्या प्रमाणात साधला नाही.

चौथे उदाहरण सर्वात बोलके आहे आणि ते टोपोल यांच्या बाजूने व विरुद्धही साक्ष देते. ब्रिटनमधील १४२ दवाखान्यांतील १,१८२ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाने घरी रक्तदाब मोजून कागदावर लिहिला आणि तो दरमहा टपालाने डॉक्टरांकडे पाठवला. तिसऱ्या गटाने तोच आकडा मोबाइलच्या संदेशाने पाठवला. दोन्ही गटांत डॉक्टरांनी ते आकडे पाहून औषधाचे प्रमाण बदलायचे होते. बारा महिन्यांनंतर वरचा रक्तदाब अनुक्रमे सरासरी १४०.४, १३७.० आणि १३६.० भरला. रुग्णाच्या नोंदीने उपचार सुधारतात, हे टोपोल यांचे म्हणणे खरे ठरले. परंतु कागद आणि मोबाइल यांच्यातील फरक नगण्य होता. परिणाम घडला तो आकडा ज्याच्यापर्यंत पोहोचला आणि ज्याने त्यावर कृती केली, त्या वाचकामुळे.

याला दुजोरा देणारे विश्लेषण २०१७ मध्येच उपलब्ध झाले होते. २५ चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या या विश्लेषणात केवळ घरी मोजणाऱ्यांचा वरचा रक्तदाब जेमतेम एका मिलिमीटरने कमी झालेला दिसला आणि ही घट नगण्य होती. त्याच मोजण्याला सल्ला, पाठपुरावा आणि औषधातील बदल यांची भरघोस साथ मिळाली, तेथे घट सहा मिलिमीटरपर्यंत गेली. उपकरण तेच, रुग्ण तसेच. फरक उत्तराचा होता.

पिशवीतील नोंदी

येथे भारतीय अनुभव ग्रंथाच्या मूळ गृहीतकालाच प्रश्न विचारतो. अमेरिकेत रुग्णाची कागदपत्रे रुग्णालयाच्या ताब्यात असतात. ती मिळवण्यासाठी रुग्णाला झगडावे लागते आणि म्हणून तेथे नोंदीची मालकी हा मुक्तीचा प्रश्न बनतो. भारतातील सर्वसामान्य रुग्ण मात्र आपली कागदपत्रे प्रथमपासून स्वतःच वागवत आला आहे. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचे पाकीट, औषधांच्या चिठ्ठ्या हे सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तो तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी जातो. टोपोल ज्या मालकीची मागणी करतात, ती त्याच्या हातात आधीपासून आहे.

तरीही तो मुक्त झालेला नाही. कारण ती पिशवी उघडून पाहण्यास समोरच्याला वेळ नसतो. जुना रिपोर्ट बाजूला सारून नवी चाचणी लिहून दिली जाते. तीन वर्षे हळूहळू चढत गेलेली साखर त्याच पिशवीतील तीन कागदांवर लिहिलेली असते. ते तीन कागद शेजारी ठेवून कोणी पाहिलेले नसतात. पिशवीची जागा फोनने घेतल्याने कागद हरवण्याचे आणि भिजण्याचे भय जाईल. न पाहण्याचे दुःख मात्र आपोआप जाणार नाही. उलट, ‘नोंद तुमच्याच हातात होती’ असे म्हणून न टळलेल्या रोगाचा दोषही रुग्णाच्याच माथी मारला जाण्याची शक्यता आहे. स्वातंत्र्याच्या भाषेत जबाबदारीचे हस्तांतर होते, ते असे.

याउलट, नोंद आणि उत्तर एकाच हातात आल्यास काय घडते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेमार्फत राबवलेल्या घरोघरी नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गावातीलच प्रशिक्षित स्त्री बाळाचे वजन करीत असे, ताप व श्वास मोजून लिहीत असे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचारही करीत असे. ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. तेथे स्मार्टफोन नव्हता. ज्या हाताने आकडा लिहिला, त्या हाताला कृतीचा अधिकार आणि कौशल्य होते. ही नोंद रुग्णाची स्वतःची नव्हती, हा भेद मान्य करूनही तिचा धडा येथे लागू पडतो. नोंदीचे सामर्थ्य नोंदीपासून कृतीपर्यंतच्या अंतरावर अवलंबून असते.

उर्वरित आक्षेप

दोन मुद्द्यांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिला मोजमापाच्या अचूकतेचा. कोविडच्या साथीत बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात कमी असूनही उपकरणाने तो पुरेसा दाखवल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळले. आकडा निःपक्षपाती असतो, हा समज यामुळे ढासळतो आणि सावळ्या त्वचेच्या समाजाने त्याची विशेष दखल घ्यावयास हवी.

दुसरा मुद्दा खाजगीपणाचा. टोपोल यांनी या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु ‘माझी’ नोंद बाजारात ‘माझी’ राहत नाही. फिटबिट ही कंपनी गूगलने विकत घेण्याचा व्यवहार जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला आणि लाखो लोकांनी एका कंपनीच्या भरवशावर नोंदवलेली माहिती दुसऱ्या कंपनीच्या छत्राखाली गेली. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. मात्र आरोग्यविषयक माहितीला संवेदनशील असा वेगळा दर्जा त्यात नाही.

टोपोल यांची बाजू घेणारे असे म्हणू शकतील, की वाचकाच्या अभावाचे उत्तर त्यांनी ‘डीप मेडिसिन’मध्ये दिले आहे : यंत्र आकडे वाचील आणि डॉक्टरांचा वेळ रुग्णासाठी मोकळा होईल. या उत्तरात तथ्य आहे. यंत्राचे वाचन वेगवान आणि अथक असेल. परंतु वाचन म्हणजे उत्तर नव्हे. औषधाची मात्रा बदलणे, घाबरलेल्या माणसाला समजावणे, उपकेंद्रातून गोळ्या मिळतील याची हमी देणे, न आलेल्या रुग्णाच्या घरी जाणे, ही उत्तरे माणसांनी आणि संस्थांनी द्यायची असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रासह पाच राज्ये प्रथम सहभागी झाली. त्यात डिजिटल नोंद होती, पण तिच्यासोबत ठरावीक औषधोपचार पद्धती, औषधांचा नियमित पुरवठा आणि पाठपुरावाही होता. डिजिटल नोंद तेथे व्यवस्थेचा एक भाग होती, व्यवस्थेला पर्याय नव्हती.

निष्कर्ष

१. रुग्णाने घरी केलेली नोंद प्रतिबंधात्मक सेवेसाठी मोलाची असून, तिला मान्यता मिळवून देण्यात टोपोल यांच्या ग्रंथाचा वाटा महत्त्वाचा आहे.

२. मुद्रणकलेचे उपमान तंत्राला अवाजवी श्रेय देते. तंत्र आणि वाचक यांच्यामधील संस्थात्मक साखळी त्यातून सुटते.

३. नोंदीच्या वैयक्तिक मालकीवरील भर अमेरिकन परिस्थितीतून आलेला आहे. भारतीय रुग्णाकडे ती मालकी पूर्वापार असूनही प्रतिबंध साधलेला नाही, यावरून अडचण अन्यत्र आहे हे स्पष्ट होते.

४. चाचण्यांचा एकत्रित कौल असा, की नोंदीला उत्तर देणारी व्यक्ती व व्यवस्था निश्चित असेल तेथेच नोंद फलदायी होते. मग ती कागदावर असो वा फोनवर.

५. त्यामुळे डिजिटल आरोग्याच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन किती खाती उघडली यावरून न करता, रुग्णाने पाठवलेल्या किती नोंदी ठरलेल्या मुदतीत पाहिल्या गेल्या आणि किती नोंदींमुळे उपचारात बदल झाला, यावरून व्हावे. नोंद पाहणे हे डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्या कामात आणि मोबदल्यात मोजले गेले पाहिजे.

टोपोल यांनी शीर्षकात कर्ता बदलला. रुग्णाला पाहणारा केले. ते आवश्यक होते. परंतु रुग्ण कितीही डोळसपणे स्वतःला पाहू लागला, तरी त्याने दाखवलेले पाहणारा दुसरा कोणीतरी असावा लागतो. ‘डॉक्टरांना दाखवून या’ असे सांगणाऱ्या भाषेने हे कर्तव्य दोघांमध्ये वाटून दिले आहे. नव्या साधनांनी रुग्णाचा वाटा हलका केला आहे. पाहणाऱ्याचा वाटा कोण उचलणार, हे ठरवणे अद्याप बाकी आहे.